आधी फटी, मग हीटर

जुन्या ट्रॅक्टरवर हिवाळ्यात काम करताना बोटं बधिर व्हायला लागली की माणसाला पहिल्यांदा हीटर आठवतो. भंगारातल्या मोटारीचा हीटर काढायचा, इंजिनाच्या गरम पाण्याला दोन होज पाइप जोडायचे, पंख्याला वायर द्यायची. सुट्टीच्या एका दिवसाचं काम. दुसऱ्या दिवशी पंखा घोंघावत असतो, गुडघ्यांवर गरम झोत येत असतो आणि पाठ मात्र आधीइतकीच गारठलेली असते. मग आणखी मोठ्या हीटरचा शोध सुरू होतो. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार.

कागदावर एक छोटा हिशोब मांडू. बाहेर उणे १० अंश सेल्सिअस आहे आणि केबिनमध्ये १५ अंश हवेत, म्हणजे फरक २५ अंशांचा. केबिनला साधारण ४ चौरस मीटर काच आहे, तीही एकेरी. अशा काचेच्या दर चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, सुमारे ६ वॅट उष्णता बाहेर जाते. सगळ्या काचांचे मिळून झाले ६०० वॅट. आता गिअरचा दांडा जिथून वर येतो तिथलं भोक बघा. त्याचा रबरी कोन कधीच फाटून गेलेला असतो आणि खाली दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरची मोकळी जागा उरलेली असते. त्यातून सेकंदाला ३ मीटर वेगाने वारा आत आला, तर त्या हवेला २५ अंश चढवायला सुमारे १००० वॅट लागतात. तळहाताएवढं एक भोक सगळ्या काचांना मागे टाकतं! शिवाय पेडलांच्या चिरा, दाराखालची फट, हायड्रॉलिकच्या पाइपांसाठी कुणीतरी कधीतरी कापलेला पत्रा या जागा वेगळ्याच.

भोकातून आलेल्या हवेला बाहेर पडायलाही जागा लागते. आत आणि बाहेर जाण्याच्या दोन्ही वाटा मोकळ्या असल्या तरच वारा केबिनमधून वाहतो. म्हणून पुढची सगळी भोकं बुजवण्याआधी मागच्या काचेचं रबर बदललं, तरीही पुढून येणारा झोत मंदावतो. मागची उघडी काच चालत्या ट्रॅक्टरमध्ये दुसराही एक घोळ करते. ट्रॅक्टरच्या पाठीमागे हवेचा दाब थोडा कमी असतो, आणि त्या ओढीने इंजिनाकडची हवा खालच्या चिरांतून आत खेचली जाते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल, कारण त्या हवेत धूरही असू शकतो.

वाऱ्याचा जाच दुहेरी. तो केबिनची ऊब नेतोच, पण अंगाभोवती आपणच तापवलेला हवेचा पातळ थरही उडवून लावतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मोजून हा परिणाम पहिल्यांदा आकड्यात आणला. त्यांचं काम १९४५ मध्ये प्रसिद्ध झालं. २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेने सुधारलेलं सूत्र स्वीकारलं. त्यानुसार उणे १० अंशांत ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या चेहऱ्याला तो गारठा उणे १८ अंशांसारखा झोंबतो. म्हणजे केबिनला हीटर नसला आणि नुसता वारा अडवला, तरी चालकाच्या लेखी आठ अंशांची कमाई झाली.

फटी शोधायला यंत्र लागत नाही. रात्री अंधारात ट्रॅक्टरखाली आणि बोनेटच्या बाजूला प्रखर दिवा ठेवायचा आणि आत बसून बघायचं. जिथून उजेड येतो तिथून वारा येतो. वळणावळणाच्या फटी यातून निसटतात, त्यांच्यासाठी पातळ कागदाची पट्टी हातात धरून कडांवरून फिरवावी.

बुजवायला काय वापरायचं, यात बरेच जण फसतात. गादीतला स्पंज स्वस्त आणि हाताशी असतो, पण त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. तो पाणी पितो, डिझेल पितो आणि गोठला की दगड होतो. शिवाय तो पटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. बंद छिद्रांचा रबरी फोम घ्यावा, त्यात प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र कोंडलेला असतो. दांड्यांच्या भोकांवर जुन्या ट्यूबचं रबर कापून दोन थर एकमेकांवर आडवे-उभे चिरून बसवले, तर दांडा हलतो आणि फट मागोमाग मिटते. पायाखालच्या पत्र्यावर जाड रबरी चटई टाकावी. पोलाद उष्णता फार चटकन वाहून नेतं, त्यामुळे बुटाचे तळवे थेट बाहेरच्या थंडीला टेकल्यासारखे होतात.

इतकं केल्यावर केबिन उबदार वाटायला लागते आणि अर्ध्या तासात समोरचं काही दिसेनासं होतं. मला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत रंजक भाग हाच वाटतो.

हलकं काम करणारा माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ५० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. बुटांवरचा बर्फ वितळतो, तो वेगळा. १५ अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त १३ ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. केबिन अडीच घनमीटरची धरली तर एकूण झाले ३२ ग्रॅम. म्हणजे पूर्ण बंद केबिनची हवा तासाभराच्या आतच वाफेने काठोकाठ भरेल. काच तर तेवढीही वाट बघत नाही. आत १५ आणि बाहेर उणे १० असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग शून्याखाली तीन-चार अंशांवर असतो. त्या तापमानाला हवेत घनमीटरमागे पावणेचार ग्रॅमच्या आसपास वाफ झाली, की काचेवर हिमाची साय धरायला लागते.

यावरचा इलाज थोडा उलटा वाटतो. बाहेरची बोचरी थंड हवाच आत घ्यायची. उणे १० अंशांची हवा पूर्ण दमट असली तरी तिच्यात घनमीटरमागे सव्वादोन ग्रॅमच्या आसपासच पाणी असतं. तीच १५ अंशांपर्यंत तापवली की ती कमालीची कोरडी होते आणि आपला ओलावा शोषून बाहेर नेते. वरचे आकडे धरले तर काच कोरडी राहायला तासाला ३५ ते ४० घनमीटर ताजी हवा पुरते, आणि ती तापवायला साडेतीनशे-चारशे वॅट लागतात. गिअरच्या भोकातून फुकट जाणाऱ्या उष्णतेच्या हे निम्म्याहून कमी. हवा तर हवीच, फक्त ती आपण ठरवलेल्या जागेतून, गाळणीतून, हीटरमधून आणि मग समोरच्या काचेवरून यायला हवी. मोटारीच्या हीटरची झडप आतलीच हवा फिरवण्यावर लावून ठेवणारे लवकर गरम होतात आणि लवकर आंधळे होतात.

बाजूच्या आणि मागच्या काचांना आतून दुसरा थर लावता येतो. इथे एक गैरसमज दिसतो. पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक, कडक प्लास्टिक काचेपेक्षा पाचपट कमी उष्णतावाहक आहे म्हणून नुसती काच काढून तिच्या जागी तेवढ्याच जाडीचं पॉलिकार्बोनेट बसवतात. त्याने जेमतेम आठ-दहा टक्के फरक पडतो, कारण ४ मिलिमीटरचा थर कशाचाही असो, फार विरोध करण्याइतका जाड नसतोच. खरा विरोध करते ती दोन थरांमध्ये अडकलेली स्थिर हवा. दीड सेंटिमीटर अंतर सोडून कडा नीट बंद केल्या, तर उष्णतेची गळती निम्म्यावर येते आणि आतला पृष्ठभाग शून्याखालून ६ अंशांच्या आसपास चढतो. वाफ धरायचं प्रमाण तिथेच घटतं. पॉलिकार्बोनेट बसवताना भोकं मात्र स्क्रूपेक्षा मोठी पाडावीत. तापमान ५० अंशांनी बदललं की त्याची मीटरभर लांबी तीन मिलिमीटरहून जास्त कमी-अधिक होते, काचेची अर्धा मिलिमीटरही नाही. घट्ट आवळलेला तक्ता पहिल्या कडक थंडीत भोकापासून तडकतो. समोर मात्र खरी काचच ठेवावी. वायपर आणि धूळ मिळून प्लास्टिकला एका हंगामात चरे पाडतात.

आता हीटर.

डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामाला लावतं, एक तृतीयांश थंड करणाऱ्या पाण्यात सोडतं आणि तेवढाच धुराड्यातून घालवतं. ट्रॅक्टर १५ किलोवॅटचं काम करत असेल तर तेवढीच उष्णता रेडिएटरमधून वाया जात असते, आणि आपल्याला हवेत त्यातले दोन-तीन किलोवॅट. विजेवर हीटर चालवायचा विचार सोडून द्यावा. जुन्या डायनॅमोचे १२ व्होल्टला २२ अँपिअर, म्हणजे २६४ वॅट. त्यात सीटखालची ५० वॅटची गरम गादी चालते, केबिन नाही.

गरम पाणी इंजिनाच्या हेडमधून (सिलिंडरांवरच्या झाकणातून), थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेच्या अलीकडून घ्यायचं आणि पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला परत सोडायचं. पंपाने निर्माण केलेला दाबाचा फरक तिथे मिळतो. मिनिटाला पाचेक लिटर पाणी फिरलं आणि ते दहा अंशांनी थंड होऊन परतलं, तर तीन किलोवॅट मिळाले. एवढं जोडूनही हीटर थंड राहिला, तर दोन संशयित आधी तपासावेत. पहिला म्हणजे हीटरमध्ये अडकलेली हवा. हीटर रेडिएटरपेक्षा उंचावर असेल तर बुडबुडा तिथेच ठाण मांडतो आणि पाणी पुढे सरकत नाही. वरचा पाइप सैल करून हवा सोडली की काम होतं. दुसरा म्हणजे थर्मोस्टॅट. जुन्या ट्रॅक्टरमधून कुणीतरी उन्हाळ्यात तो काढून टाकलेला असतो. मग हलक्या कामात पाणी कोमटच राहतं आणि डिझेलही नीट जळत नाही. रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा कापड लावायची जुनी युक्ती याच कारणाने चालते. फक्त जड काम लागलं की तापमानाचा काटा बघून ते काढायचं भान हवं.

फार जुन्या ट्रॅक्टरला पंपच नसतो. १९१७ पासून बाजारात आलेल्या फोर्डसन एफमध्ये गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि थंड पाणी खाली उतरतं, एवढ्यावरच सगळं भागायचं. अशा इंजिनाला हीटर जोडायचा तर वेगळा छोटा पंप लागतो. हवेने थंड होणाऱ्या जुन्या डॉइट्झ इंजिनांत तर पाणीच नाही, तिथे इंजिनावरून आलेली गरम हवा केबिनकडे वळवतात.

ही हवा वळवायची कल्पना केबिनहूनही साधी आहे. उत्तर अमेरिकेत केबिन नसलेल्या ट्रॅक्टरांवर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हास बांधायची पद्धत रुळली. रेडिएटरच्या पंख्याने मागे ढकललेली गरम हवा त्या बोळातून थेट चालकाच्या पायांवर यायची. खरं तर मिनिआपोलिस-मोलिन कंपनीने १९३८ मध्येच हीटर आणि रेडिओसह बंद केबिनचा यूडीएलएक्स ट्रॅक्टर काढला होता, पण त्याचे दीडशेच्या आसपासच नग बनले. बाकीच्यांनी कॅनव्हासवर निभावलं.

कॅनव्हासचा आडोसा असो की बोनेटखालून हवा घेणारा पंखा, एक धोका दोन्हीकडे सारखाच. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या सांध्याचं गॅसकेट फुंकत असेल तर त्या उबेबरोबर धूरही येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असला, तरी बंद केबिनमध्ये आठ तास बसणाऱ्याला तो दिलासा पुरेसा नाही. ताजी हवा नेहमी इंजिनापासून लांब आणि उंचावरून घ्यावी. आत धुराड्याविना गॅसची शेगडी पेटवणं तर सरळ जिवाशी खेळ. त्यात आणखी एक गंमत अशी की १ किलो प्रोपेन जळून १.६ किलो पाणी तयार होतं, म्हणजे काचाही तिच्यामुळेच आंधळ्या होतात. स्वतंत्र डिझेल हीटर बसवायचाच असेल तर जळणासाठीची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा घ्यावा.

आणखी एका ठिकाणी हात आवरावा लागतो. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी चौकट स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना सक्तीची केली, पुढे इतर देशांनीही. ही चौकट ठरावीक तऱ्हेने वाकून धक्का पचवते. तिच्यावर हीटरची पट्टी वेल्ड केली की त्या जागचं पोलाद बदलतं, ड्रिल मारलं की तिथून तडा सुरू होऊ शकतो. जे काही टांगायचं ते आवळपट्टीने किंवा मुळातल्याच बोल्टवर. आणि मागची काच थंडीच्या नादात स्क्रूने कायमची ठोकून टाकू नये. दार चेपलं की बाहेर पडायची तीच वाट असते.

राहिला आवाज. सुरुवातीच्या पत्र्याच्या केबिनींनी चालकाला वाचवलं खरं, पण कानांना छळलं. मिनिटाला १८०० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला ६० स्फोट होतात आणि त्या ठेक्यावर मोकळा पत्रा ढोलासारखा घुमतो. ब्रिटनने १९७६ मध्ये नव्या ट्रॅक्टरच्या चालकाच्या कानाशी ९० डेसिबलची मर्यादा घातली, ती याच त्रासातून. पत्र्यावर आतून डांबरी जड तक्ते चिकटवले की ढोल मंदावतो. तीक्ष्ण आवाज मात्र पत्र्यातून कमी आणि फटींतून जास्त येतो, त्यामुळे गिअरच्या दांड्याला बसवलेला तो दोन थरांचा रबरी तुकडा इथेही कामी येतो. थंडीने रबर ताठरतं. पहिलं हिम पडायच्या आत तो एकदा हाताने वाकवून चिरांच्या टोकांना तडे गेलेत का, ते बघून ठेवावं.