वीजबिल आवाक्याबाहेर गेल्यास कोणता अर्ज, कोठे आणि कोणत्या कागदांसह करावा: मराठवाड्यातील घरगुती ग्राहकांसाठी माहिती

नवा मीटर बसला म्हणजे आता मोबाइलसारखे आधी पैसे भरायचे का, हा प्रश्न सध्या मराठवाड्यात घरोघरी विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर आधी द्यायला हवे. सामान्य घरगुती ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत, असे राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर महावितरण जे स्मार्ट टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारे) मीटर बसवत आहे त्यांचे बिल पूर्वीप्रमाणेच महिना संपल्यावर येते. आधी पैसे भरून वीज घेण्याची सोय कायद्याला मात्र अमान्य नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ४७(५) नुसार जो ग्राहक प्रीपेमेंट मीटरमार्फत वीज घ्यायला तयार आहे, त्याच्याकडून वीजपुरवठ्याच्या देयकापोटी सुरक्षा ठेव मागता येत नाही. सुरक्षा ठेव साधारणपणे दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असते, त्यामुळे हातावर पोट असलेल्या कुटुंबाला ही सवलत लहान वाटणार नाही. तरीही आधी पैसे भरले म्हणून, वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागण्याचे गणित बदलत नाही, हे लक्षात ठेवावे. ठेवीची सवलत सोडली, तर प्रीपेडमुळे खर्च रोज डोळ्यांसमोर दिसतो, हा त्याचा उपयोग आहे.

बिल वाढण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारणासाठी अर्जही वेगळा करावा लागतो. 'बिल जास्त आले, कमी करून द्यावे' एवढेच लिहिलेला अर्ज कार्यालयात कोणत्याच टेबलावर पुढे सरकत नाही, म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी किमान सहा महिन्यांची बिले शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे आहेत, आणि वरच्या टप्प्यात गेलेल्या युनिटांनाच वरचा दर लागतो. त्याशिवाय स्थिर आकार (वापर कितीही असला तरी लागणारी रक्कम), वहन आकार (वीज पोचवण्याचा खर्च), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातील फरक) आणि १६ टक्के वीज शुल्क यांची भर पडते. आपल्याकडे उन्हाळ्यात वापर खरोखरच किती वाढतो याचा हिशोब फार कमी घरांत केला जातो. २०० वॉटचा कूलर दिवसाचे बारा तास चालला तर महिन्याला सुमारे ७२ युनिट होतात. एक अश्वशक्तीची बोअरची मोटर रोज तासभर चालली तर २२ ते ३० युनिट होतात, आणि मेमध्ये पाणी खोल गेल्यावर तीच टाकी भरायला दीड-दोन तास लागतात. फेब्रुवारीत ९० युनिट वापरणारे घर मेमध्ये २०० च्या वर जाते ते अशा रीतीने, आणि त्या वेळी मीटरमध्ये दोष असतोच असे नाही.

खरी चूक बहुतेक वेळा रीडिंगच्या रकान्यात सापडते. चालू रीडिंगच्या जागी 'लॉक्ड' (घर बंद), 'फॉल्टी' (मीटर नादुरुस्त) किंवा 'इनअॅक्सेस' (मीटरपर्यंत पोचता आले नाही) असा शेरा असेल, तर त्या महिन्याचे बिल प्रत्यक्ष वापरावर नसून सरासरीवर काढलेले असते. तीन-चार महिने असे गेल्यानंतर एकदम खरे रीडिंग घेतले गेले की सगळे साचलेले युनिट एकाच बिलात येतात आणि बिलाचा आकडा पाहून घरातली माणसे हादरतात. अशा ग्राहकाने मीटर तपासणीची मागणी न करता, साचलेले युनिट जितक्या महिन्यांचे आहेत तितक्या महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ द्यावा आणि बिल दुरुस्त करावे, असा अर्ज करावा. सोबत वादग्रस्त बिलाची आणि आधीच्या बिलांची प्रत, तसेच मीटरचा क्रमांक व रीडिंग स्पष्ट दिसेल असा तारखेसह फोटो जोडावा. कार्यालयात याला 'बिल दुरुस्ती' म्हणतात, अर्जाच्या विषयातही तोच शब्द लिहावा.

वापर वाढलेला नाही, रीडिंगही दरमहा घेतले जाते आणि तरीही युनिट वाढले असतील, तर मीटर तपासणीचा अर्ज करावा. त्याआधी घरचा मेन स्विच बंद करून मीटरचा दिवा लुकलुकतो का ते पाहावे. सगळे बंद असतानाही तो लुकलुकत राहिला, तर वायरिंगमधील गळती किंवा आपल्या मीटरवरून दुसरीकडे गेलेली जोडणी हेही कारण असू शकते, आणि ते मीटर बदलून सुटणार नाही. अर्ज महावितरणच्या आपल्या उपविभागीय कार्यालयात द्यावा. त्यावर बारा अंकी ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, कोणत्या महिन्यापासून फरक पडला आणि त्याआधीचा सरासरी वापर किती होता हे लिहावे, शेवटच्या बिलाची व ओळखपत्राची प्रत जोडावी आणि तपासणीचे ठरलेले शुल्क भरून त्याची पावती घ्यावी. कर्मचारी जागेवर येऊन 'अॅक्युचेक' (यंत्र लावून मीटरची अचूकता तपासणे) करतात किंवा मीटर काढून प्रयोगशाळेत नेतात. दोन्ही वेळा स्वतः हजर राहावे आणि चाचणी अहवालाची प्रत मागून घ्यावी.

येथे केंद्र सरकारच्या वीज (ग्राहक हक्क) नियम २०२० मधील एक तरतूद फार उपयोगाची आहे, पण ती अर्जात लिहिलेली क्वचितच दिसते. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार मीटरवरील नोंद प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आली, तर ती मिळाल्यापासून पाच दिवसांच्या आत वीज कंपनीने पडताळणीसाठी अतिरिक्त मीटर बसवावा आणि तो किमान तीन महिने ठेवावा, असे आहे. दोन मीटर शेजारी शेजारी चालले की वाद तोंडी राहत नाही. म्हणून अर्जात 'सदर नियमांनुसार अतिरिक्त मीटर बसवण्यात यावा' हे वाक्य स्वतंत्रपणे लिहावे. मीटर सदोष निघाल्यास महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेनुसार, वाद उद्भवलेल्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या बिलांत फरक दिला जातो. त्यामुळे वर्षभर वाट पाहून मग अर्ज करणाऱ्याचे नुकसान होते. शंका आली त्याच महिन्यात अर्ज द्यावा.

अर्ज प्रलंबित असताना बिल भरायचे की नाही, या प्रश्नावर गावात चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो. बिल अजिबात न भरणे धोक्याचे आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६(१) नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, मागितलेली संपूर्ण रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ग्राहकाने हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. रक्कम भरताना 'हरकत नोंदवून भरत आहे' असे पत्र द्यावे आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. बिल बरोबर आहे पण एकरकमी भरणे शक्य नाही, अशा कुटुंबाने हप्त्यांसाठी वेगळा अर्ज करावा आणि पहिला हप्ता किती भरू शकतो तो आकडा त्यातच लिहावा. नेमका आकडा लिहिलेल्या अर्जावर अधिकाऱ्याला निर्णय घेणे सोपे जाते. तसेच दोन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी बिलांत सातत्याने दाखवलेली नसेल आणि आज अचानक मागितली गेली असेल, तर कलम ५६(२) चा उल्लेख करून लेखी हरकत घ्यावी.

आपल्या भागात सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावावरून. वीजजोडणी वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते आणि अर्ज मुलगा किंवा सून करते. अशा वेळी तक्रारीसोबत नावबदलाचा अर्जही देऊन टाकावा. त्यासाठी मृत्यू प्रमाणपत्र, वारस असल्याचा पुरावा, इतर वारसांचे ना हरकत पत्र, आधार कार्ड आणि घराचा पुरावा म्हणून शहरात मालमत्ता कराची पावती, तर गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा जोडावा. भाडेकरूने घरमालकाचे संमतिपत्र आणि भाडेकरार जोडला, तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

स्मार्ट टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत लागू झाली. बोअरची मोटर, पाण्याचा हीटर आणि इस्त्री या वेळेत वापरली तर काही पैसे नक्की वाचतात. बिलात ही सवलत दिसत नसेल, तर तोही बिल दुरुस्तीच्या अर्जाचा विषय आहे.

प्रत्येक अर्जाची पोच किंवा नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. १९१२ या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार केली तरी तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण पुढच्या पायरीवर हाच क्रमांक पुरावा म्हणून लागतो. उपविभागाकडून दाद मिळाली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे ठरलेल्या नमुना 'अ' मध्ये तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते आणि ग्राहक स्वतः आपली बाजू मांडू शकतो. वीजचोरीची आणि वीज कायद्याच्या कलम १२६ खालील अनधिकृत वापराची प्रकरणे मात्र मंच ऐकत नाही, त्यासाठी वेगळी यंत्रणा आहे. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर निर्णयाच्या तारखेपासून साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे नमुना 'ब' मध्ये दाद मागता येते. त्यासोबत मंचाच्या आदेशाची प्रत आणि आजवरच्या सर्व पोचपावत्या तारखेच्या क्रमाने लावून जोडाव्यात.