तुरीच्या तासातला राखणदार

ऑगस्ट सरत आला, आभाळ चार-चार दिवस उघडेना आणि सकाळी धुकं पडायला लागलं की सांगली-कोल्हापूरकडचा शेतकरी सोयाबीनचं खालचं पान उलटून बघतो. वरून पान हिरवंगार असतं, फार तर एखादा पिवळट ठिपका. मागच्या बाजूला मात्र टाचणीच्या टोकाएवढे फोड आलेले असतात. त्यावरून बोट फिरवलं की तपकिरी भुकटी लागते. हा तांबेरा. तो बघता बघता शेंड्यापर्यंत चढतो, पानं पिवळी पडून गळतात, आणि शेंगेत दाणा भरायच्या नेमक्या वेळी झाडावर पानच उरत नाही. मग दाणा बारीक आणि चपटा राहतो.

बोटाला लागलेली ती भुकटी म्हणजे ‘फॅकोप्सोरा पॅकिरायझी’ या बुरशीचे बीजाणू. पान सहा तास ओलं राहिलं की त्यांना रुजायला पुरतं. गव्हावरच्या तांबेऱ्याची बुरशी पानाच्या रंध्रांतून आत शिरते. ही मात्र पानाची वरची कातडी थेट भेदून घुसते. आठवडा-दीड आठवड्यात तिचे नवे फोड फुटतात आणि बीजाणू वाऱ्यावर निघतात. २००१ मध्ये ही बुरशी ब्राझील आणि पॅराग्वेमध्ये आढळली, तर २००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या लुइझियानात. ब्राझीलला आज तिच्यापायी वर्षाला दोन अब्ज डॉलरच्या घरात खर्च सोसावा लागतो. तिथे ठरावीक काळ शेतात सोयाबीनचं एकही हिरवं झाड ठेवायचं नाही असा नियम आहे. फवारण्याही होतात, पण बुरशीनं स्वतःत बदल घडवून अनेक औषधांची धार बोथट केली आहे.

मग झाडानं स्वतःच लढावं, हा मार्ग उरतो. ते लढतं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे.

बुरशी पेशीत शिरते तेव्हा काही प्रथिनं आत सोडते. त्यांनी पेशीची संरक्षण यंत्रणा गुंगीत जाते आणि बुरशी निवांत पोसली जाते. प्रतिकारक झाडाकडे त्यासाठी राखणदार प्रथिनं असतात. चोराचं एखादं प्रथिन ओळखीचं निघालं की राखणदार धोक्याची खूण देतो आणि ती पेशी, आजूबाजूच्या काही पेशींसह, स्वतःला मारून टाकते. तांबेऱ्याची बुरशी फक्त जिवंत पेशीवरच जगते, त्यामुळे मेलेल्या पेशींमध्ये तिची उपासमार होते. वणवा पुढे सरकू नये म्हणून जंगलात जाळरेषा काढतात, तसाच हा प्रकार. पानावरचा डागही हे सांगतो. डाग फिकट तपकिरी आणि भुकटीनं भरलेला असेल तर बुरशी जिंकली आहे. लालसर-काळपट आणि जवळजवळ कोरडा असेल तर झाडानं तिला अडवलं आहे.

सोयाबीनमध्ये असे राखणदार आहेत. ज्या जनुकांवर त्यांचा आराखडा असतो त्यांना ‘आरपीपी’ म्हणतात आणि क्रमांकानं ओळखतात. त्यातलं तिसरं ‘अंकुर’ नावाच्या भारतीय वाणात सापडलं. पण एक राखणदार एखाददुसराच चेहरा ओळखतो. चोरानं चेहरा बदलला की राखणदार जागा असूनही उपयोग नसतो. ब्राझीलमध्ये पहिलं आणि तिसरं जनुक काही वर्षांतच निकामी झालं.

यातली मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्राझीलमधलं विसोझा विद्यापीठ आणि इंग्लंडमधली सेन्सबरी प्रयोगशाळा यांच्यासह काही संशोधकांनी सोयाबीन सोडून तिच्या भाऊबंदांत शोध घेतला, आणि राखणदार सापडला तुरीत! तांबेऱ्याची ही बुरशी तुरीवरही बसते, पण तुरीचे काही प्रकार तिला दाद देत नाहीत. अशाच एका प्रकारातलं जनुक शोधून त्यांनी ते सोयाबीनमध्ये घातलं. त्याला नाव दिलं ‘सीसी-आरपीपी-१’. ते जनुक असलेल्या सोयाबीनवर तांबेऱ्याची भुकटीच धरली नाही.

परक्या घरात हा राखणदार कामाला लागला, कारण घर फारसं परकं नव्हतं. तूर आणि सोयाबीन एकाच कुळातल्या, जवळच्या नात्यातल्या. धोक्याची खूण पुढे पोचवणारी पेशीतली साखळी दोघींची सारखीच आहे. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनच्या काही तासांमागे, म्हणजे ओळींमागे, तुरीचं एक तास पेरतात. शेजारच्या तासात उभ्या असलेल्या पिकाच्या जातभाईत हे औषध होतं, हे वाचलं तेव्हा मी खरोखर थक्क झालो. तूर मूळची याच भूमीतली. तिची जुनी, गावरान बियाणी आणि रानातली भावंडं जपायला माझ्या मते हे एक कारणही पुरेसं आहे.

अर्थात तुरीचा हा राखणदारही एकटा शेतात सोडणं धोक्याचं. लाखो हेक्टरवर एकच जनुक पेरलं की बुरशीला त्यावर मात करायला लाखो संधी मिळतात. जपानी शास्त्रज्ञांनी दुसरं, चौथं आणि पाचवं आरपीपी एकाच झाडात, तेही नेहमीच्या संकरातून, एकत्र आणलं. एकेकट्या जनुकापेक्षा ते तिन्ही मिळून कितीतरी भक्कम ठरले. तीन राखणदारांना एकाच वेळी चकवायचं तर बुरशीला तीन बदल एकदम जमावे लागतात.

जनुक बाहेरून घातलेल्या सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगी नाही. त्यामुळे नवे वाण घडवणाऱ्या आपल्या पैदासकारांचं काम संकराच्या जुन्याच वाटेनं चालतं. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून ‘फुले अग्रणी’, ‘फुले संगम’सारखे तांबेऱ्याला तोंड देणारे वाण आले, धारवाडहून ‘डीएसबी २१’ आला. बेळगाव जिल्ह्यात कृष्णाकाठी उगार खुर्द आहे. तिथे तांबेरा हमखास येतो, म्हणूनच चाचणी तिथे घेतात. नव्या वाणांच्या ओळींशेजारी ‘जेएस ३३५’सारखा रोगाला बळी पडणारा वाण मुद्दाम लावायचा. त्याच्यावरून बीजाणू चहूकडे उडतात. मग पैदासकार ओळीओळीनं फिरतो, खालचं पान उलटतो, डागाचा रंग बघतो आणि शून्य ते नऊमधला एक आकडा वहीत लिहितो.