हँडल गेलंय की आतला गिअर?

यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या खिडकीचं हँडल फिरवलं, ते गरागरा फिरलं आणि पल्ला जागचा हललाच नाही. किंवा अर्ध्यात अडकलं, जरा जोर लावला आणि आतून 'कट्' असा आवाज आला. घरात सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं: हँडल तुटलं. मग हार्डवेअरच्या दुकानातून तसंच दिसणारं हँडल येतं, दोन स्क्रूंनी बसतं, आणि खिडकी होती तशीच राहते. दुकानदार म्हणतो माल चांगला आहे, घरचे म्हणतात डुप्लिकेट दिला. दोघांचं भांडण फुकटचं, कारण बिघाड हँडलात नव्हताच. तो त्याच्या मागे, पल्ल्याच्या पोकळ पट्टीत दडलेल्या गिअरमध्ये होता.

इथे बोलतोय ते बिजागरीवर उघडणाऱ्या, म्हणजे केसमेंट खिडकीबद्दल. सरकत्या खिडक्यांना बहुतेक ठिकाणी टचलॉक किंवा क्रेसेंट लॉक असतो. त्याचं प्रकरण वेगळं आणि बरंच सोपं आहे.

कोण काय करतं

हँडल म्हणजे हाताला लागतं तेवढंच. एक मूठ, पल्ल्याला टेकून बसणारा तिचा लांबट पाया, आणि त्या पायातून मागे निघालेली चौकोनी पोलादी कांडी. या कांडीला सगळे स्पिंडलच म्हणतात. हाताचा पीळ स्पिंडलपर्यंत पोचवला की हँडलाचं काम संपलं. पल्ला धरून ठेवणारं त्यात काहीही नसतं.

ते काम गिअरचं. पल्ला उघडून त्याची कड पाहा. साधारण १६ मिलिमीटर रुंदीची धातूची पट्टी उभी गेलेली दिसेल, आणि तिच्यावर अधूनमधून रोलर किंवा जाड डोक्याचे छोटे खुंट. या पट्टीच्या मागे, हँडलाच्या बरोबर समोर, एक डबी असते. स्पिंडल तिच्यातल्या चौकोनी भोकात शिरतो. हँडल पाव फेरा फिरलं की डबीतलं चक्र आतला सरकता भाग वर-खाली ढकलतं, खुंट चौकटीवरच्या किपरमध्ये, म्हणजे खाच असलेल्या धातूच्या तुकड्यात, जाऊन अडकतात आणि पल्ला रबरी गॅस्केटवर आवळला जातो. जुलैच्या वाऱ्यात पाणी आत येत नाही ते या आवळण्यामुळे. सायकलवरून समजून घ्यायचं तर हँडल हे पॅडल आणि गिअर ही चेन. चेन उतरली तरी पायाला कळतं एवढंच की पॅडल रिकामं फिरतंय.

आधी पल्ला उघडा ठेवून पाहा

पल्ला उघडत असेल तर अर्धं निदान विनाअवजार होतं. एका हाताने हँडल फिरवा आणि नजर कडेवरच्या खुंटांवर ठेवा. ते दीड-दोन सेंटिमीटर सरकले पाहिजेत, आणि सगळेच सरकले पाहिजेत. वरचे सरकतात, खालचे जागेवरच, असं दिसलं तर गिअर आत कुठेतरी तुटला आहे. हँडल निर्दोष आहे. एकही खुंट हलत नसेल तर मात्र दोघांपैकी कोणीही दोषी असू शकतं.

पल्ला उघडा असताना हँडल अजिबातच फिरत नसेल, तर घाबरण्याआधी दोन गोष्टी बघा. काही खिडक्यांच्या कडेत एक छोटी कळ असते, पल्ला उघडा असताना हँडल चुकून फिरू नये म्हणून. ती बोटाने दाबून धरली की हँडल मोकळं होतं. दुसरं म्हणजे हँडलाला किल्लीचं भोक आहे का. किल्ली हरवलेलं, कोणीतरी कधीकाळी लॉक करून ठेवलेलं हँडल 'जाम झालंय' म्हणून तोडलं जातं, हे कोणत्याही खिडकीवाल्याला विचारा.

आणि एक तिसरी शक्यता, जिला मी या दोघांपेक्षा जास्त भितो. पल्ला उघडा असताना हँडल लोण्यासारखं फिरतं, आणि बंद करताना मात्र दोन्ही हात लागतात. म्हणजे हँडलही ठीक आणि गिअरही ठीक. पल्ला खाली उतरला आहे. फ्रिक्शन बिजागरीचे रिव्हेट झिजले, तिचे स्क्रू ढिले झाले किंवा काचेखालचे पॅकर, म्हणजे आधाराचे छोटे तुकडे, सरकले, की पल्ला काही मिलिमीटर झुकतो आणि खुंट किपरच्या तोंडातून आत न जाता त्याच्या कडेवर आपटतात. आपण वर जोर लावत राहतो. तो सगळा जोर हँडलाच्या मानेवर आणि गिअरच्या दातांवर पडतो, आणि दोघांतलं जे कच्चं असेल ते आधी जातं. असल्या खिडकीला नवं हँडल लावणं म्हणजे पुढच्या तुटीची तारीख पक्की करणं. आधी बिजागरी आणि किपर जुळवून घ्यायचे, मग बाकीचं.

हँडल काढून पाहा

हँडल आडवं करा. पायावरची टोपी नखाने किंवा पातळ पट्टीने किंचित बाहेर ओढा आणि बाजूला फिरवा. तिच्याखाली एक वर आणि एक खाली असे दोन स्क्रू दिसतात. हँडल उभ्या स्थितीतच अडकलं असेल तर खालचा स्क्रू मुठीआड जातो. तिथे लांब, बारीक स्क्रूड्रायव्हर तिरका घालावा लागतो. स्क्रू निघाले की हँडल सरळ आपल्याकडे ओढायचं, हलवत-वाकवत नाही.

आता हातातल्या हँडलाची परीक्षा. स्पिंडल पकडीत घट्ट धरा आणि मूठ फिरवायचा प्रयत्न करा. मूठ आणि स्पिंडल एकजीव असायला हवेत. मूठ फिरते आणि स्पिंडल पकडीत तसाच राहतो, म्हणजे गुन्हेगार सापडला. स्वस्त हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात आणि स्पिंडल ज्या खाचेत बसवलेला असतो तिथेच ती फुटतात. फुटलेली बाजू उजेडात धरलीत तर आत राखाडी, रवाळ, साखरेच्या खड्याच्या कडेसारखं दिसेल. पोलादी स्पिंडल स्वतः सहसा मोडत नाही. मुठीवर ओले टॉवेल आणि हँगर लटकवायची सवय असेल तर पायाजवळची मानही फटकन जाते.

हँडल ठीक निघालं तर गिअर तपासायला सर्वांत भरवशाचं साधन घरातच असतं: शेजारच्या खोलीतल्या खिडकीचं हँडल. एकाच घरातल्या खिडक्या साधारणतः एकाच फॅब्रिकेटरने, म्हणजे खिडक्या बनवणाऱ्याने, एकाच वेळी बसवलेल्या असतात, त्यामुळे हँडलं सारखीच असतात. चालू खिडकीचं हँडल काढून इथे घाला. पल्ला उघडला-मिटला तर हँडलच बदला. तेही रिकामंच फिरलं तर गिअर गेला, यात शंका नको. वाटल्यास टॉर्च मारून चौकोनी भोकात पाहा. त्याचे कोपरे गोल झालेले असतील, चीर गेलेली असेल किंवा राखाडी भुकटी सांडलेली असेल.

विकत घेताना

हँडलाच्या बाबतीत नशीब आपल्या बाजूने आहे. यूपीव्हीसी खिडक्या युरोपातून, मुख्यतः जर्मन पद्धतीने आपल्याकडे आल्या आणि त्यांची मापंही सोबत आली. स्पिंडल ७ मिलिमीटर चौकोनी, दोन स्क्रूंमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ४३ मिलिमीटर, स्क्रू एम ५, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचे. डीआयएन १८२६७ या जर्मन मानकातली ही मापं इतकी रुळली आहेत की मुंबई-पुण्याच्या कुठल्याही बऱ्या दुकानातलं केसमेंट हँडल बहुधा भोकांवर बसतंच. तरी जुनं हँडल सोबत न्याच. अॅल्युमिनियमच्या खिडक्यांसाठी चौकोनी कांडीऐवजी दोन पायांचा चिमटा असलेलं हँडल मिळतं. समोरून ते हुबेहूब तसंच दिसतं, पण ते तुमच्या खिडकीला उपयोगाचं नाही.

चुकतं ते स्पिंडलच्या लांबीत. ती हँडलाच्या पायापासून टोकापर्यंत मोजायची. ३५, ३७, ४०, ४५ मिलिमीटर अशा लांब्या येतात. आखूड स्पिंडल घेतला तर तो भोकाच्या तोंडाशी जेमतेम धरतो, काही दिवस चालतो आणि मग भोकाचे कोपरे खाऊन चांगल्या गिअरचीही वाट लावतो. लांब असेल तर पाया पल्ल्याला टेकत नाही, पण तो हॅक्सॉने कापून कानशीने टोक साफ करता येतं. म्हणून दोन मापांत अडकलात तर लांबच घ्या.

गिअरची खरेदी तशी सोपी नाही. पट्टीची एकूण लांबी, पट्टीच्या पुढच्या कडेपासून स्पिंडलच्या भोकाच्या मध्यापर्यंतची खोली, भोक पट्टीवर नेमकं किती उंचीला आहे आणि खुंट कुठे कुठे आहेत, या चारही गोष्टी जुळायला लागतात. खोली बऱ्याच खिडक्यांत १५ मिलिमीटर असते, पण 'असेल' म्हणून घेऊ नका, मोजा. पट्टीवर बहुतेकदा कंपनीचं नाव आणि एक क्रमांक ठोकलेला असतो. त्याचा फोटो फॅब्रिकेटरला पाठवला की निम्मी बोलणी टळतात. हँडल काही शेकड्यांत येतं. गिअर त्याहून महाग पडतो आणि मजुरी वर. पण गिअर मागितल्यावर 'पल्लाच बदलावा लागेल' असं कोणी म्हणालं, तर दुसऱ्या माणसाला विचारा. प्रोफाइल, म्हणजे पल्ल्याची पोकळ पट्टी, फुटलेली नसेल तर पल्ला बदलायचं कारण नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक फाटा. तिथल्या जुन्या खिडक्यांवर कॉकस्पर नावाचा प्रकार अजून दिसतो. त्यात गिअर नसतोच. हँडलालाच एक चोच असते आणि ती फिरून चौकटीवर दाबून बसते. तिथे मोजायची ती पायाच्या तळापासून चोचीच्या तळापर्यंतची उंची, आणि डावं-उजवंही बघायचं. स्पिंडलवाल्या हँडलांतही तिथे वाकडी मूठ असेल तर डावी-उजवी वेगळी येते.

बसवताना

हँडल बदलणं हे खोलीच्या आतलं काम आहे. पल्ला बंद असतानाही होतं, बाहेर वाकावं लागत नाही, पाच-दहा मिनिटांत आटोपतं. गिअरचं तसं नाही. त्याचे स्क्रू पल्ल्याच्या कडेत असतात आणि आपल्याकडच्या बहुतेक केसमेंट बाहेर उघडतात, म्हणजे ती कड खिडकीच्या बाहेर हवेत जाते. तळमजल्यावर, गॅलरीत किंवा बाहेर ग्रिल असेल तर घरी करा. आठव्या मजल्यावर, ग्रिलशिवाय, वारा सुटलेला असताना स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर झुकणं हा शहाणपणा नव्हे. तिथे खिडकीवाल्याला बोलवा. गिअर तुटलेला पल्ला बंद स्थितीत असेल तर तो येईपर्यंत बंदच राहू द्या. आणि उघड्या स्थितीत गिअर गेला तर पल्ला आत ओढून दोरीने बांधून ठेवा, कारण वाऱ्यात तो आपटत राहिला तर बिजागरीही जाते.

हँडल घालण्याआधी गिअर कोणत्या स्थितीत आहे ते पाहा. खुंट बंद स्थितीत असताना हँडल बंदच्या दिशेला ठेवूनच आत सरकवायचं. नाहीतर पुढे खिडकी बंद असताना मूठ आडवी आणि उघडी असताना उभी, असा उलटा कारभार होतो. स्क्रू हातानेच आवळायचे, ड्रिलने नाही. हे एम ५ स्क्रू पल्ल्यातून आरपार जाऊन गिअरच्या डबीतल्या आट्यांत बसतात. जास्त आवळले तर पोकळ प्रोफाइल आत दबते आणि नवंकोरं हँडल जड फिरायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे डबीतले आटे गेले की दोनशे-चारशे रुपयांचं काम गिअरवर जाऊन पोचतं.

गिअर बदलत असाल तर जुना काढल्यावर रिकाम्या खाचेतली धूळ आणि काळं वंगण ब्रशने काढा, आणि नव्याला हलकं ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे द्या. समुद्राजवळच्या घरांत, मालवण असो की वर्सोवा, हे वर्षातून एकदा पावसाआधी करावं. खारी हवा जस्ताच्या लेपावर पांढरी बुरशी आल्यासारखी भुकटी धरते आणि गिअर जड होत जातो. काही नवे गिअर मधल्या स्थितीत एका प्लास्टिकच्या बारीक खिळीने अडकवून येतात, बसवताना पट्ट्या सरकू नयेत म्हणून. ते तसेच, न फिरवता बसवायचे. सगळे स्क्रू लागल्यावर हँडल पहिल्यांदा फिरवलं की आत 'टक्' असा आवाज येतो. तो ऐकून पुन्हा सगळं खोलू नका. खिळी तुटली, एवढंच झालं आहे.