सर्फबोर्ड : पहिल्या बोर्डाची निवड व आखूड बोर्डाकडे वाटचाल

फुटण्याच्या बेतात आलेल्या समुद्रलाटेच्या उतारावरून उभ्याने घसरत जाण्यासाठी घडवलेली तरंगती फळी म्हणजे सर्फबोर्ड. किनाऱ्यावर शिकवणारे आणि शिकणारे सगळे नुसते ‘बोर्ड’ म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे. नवशिक्याने कोणता बोर्ड घ्यावा आणि त्यानंतर लांबी व घनफळ कसे उतरवत न्यावे, एवढाच या नोंदीचा विषय आहे. बडोद्यातील वाचकाला पडणारे प्रश्न शेवटी घेतले आहेत.

उगम : हा प्रश्न अजून मिटलेला नाही. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर वांचाको येथील कोळी तोतोरा या लव्हाळ्याच्या जुड्या बांधून निमुळती होडी करतात आणि मासे धरून परतताना लाटेवर स्वार होऊन किनाऱ्याला लागतात. पेरूतील प्राचीन मोचे संस्कृतीच्या मृद्‍भांड्यांवर अशा होड्या दिसतात, त्यामुळे या प्रथेला दोन-तीन हजार वर्षांचे वय देण्याकडे काहींचा कल आहे. पश्चिम आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवर मुले फळ्यांवर पडून लाटांशी खेळत असल्याची युरोपीय प्रवाशांची वर्णने सतराव्या शतकापासून मिळतात. ताहितीत १७६९ साली इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जोझेफ बँक्स याने जुन्या होडीच्या मागच्या तुकड्याला धरून लाटेबरोबर येणारे लोक पाहिले. होडीने परतणे, पालथे पडून वाहत येणे आणि केवळ खेळासाठी फळीवर उभे राहणे या तीन निराळ्या गोष्टी मानल्या, तर तिसऱ्या बाबतीत हवाई बेटांचा दावा अधिक भक्कम ठरतो. तेथे मानवी वस्ती इ. स. १००० ते १२०० च्या सुमारास झाली, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. उभे राहण्याची रीत वसाहतकारांनी बरोबर आणली की तेथेच रुजली, याचा निर्णय मौखिक परंपरेवरून करणे अवघड आहे. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक याच्या तिसऱ्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग याने १७७९ मध्ये केआलाकेकुआ उपसागरातील फळीवरच्या खेळाचे तपशीलवार वर्णन केले; हवाईबाबतच्या अगदी आरंभीच्या लेखी पुराव्यांत ते मोडते.

हवाईत फळ्यांचे मुख्य प्रकार तीन होते : पालथे पडून वापरायची आखूड ‘पायपो’, कोआ किंवा विलायती फणसाच्या लाकडाची पातळ ‘अलाया’ आणि हलक्या विलीविली लाकडाची, १६ फुटांहूनही लांब जाणारी ‘ओलो’. ओलो फक्त सरदार-राजघराण्यासाठी राखीव होती असे सर्रास लिहिले जाते. हा नियम सर्वत्र इतका काटेकोर पाळला जात असेल याविषयी शंका घेण्यास जागा आहे. येथे ध्यानात घ्यायचे ते एवढेच की मुले तेव्हा आखूड फळीवर सुरुवात करीत आणि थोरांची फळी सर्वांत लांब असे. ‘जितका आखूड बोर्ड तितका पोहोचलेला माणूस’ हे समीकरण प्राचीन नाही, ते १९६७ नंतरचे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीचे भरीव रेडवुडचे बोर्ड १० फूट लांब आणि ४० किलोच्या आसपास असत. अमेरिकेच्या टॉम ब्लेक याने १९२०–३० च्या दशकांत पोकळ बोर्ड आणले आणि १९३५ च्या सुमारास बोर्डाच्या पोटाला पर, म्हणजे फिन, लावला. पुढे बाल्सा लाकूड व फायबरग्लास आले. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बोर्ड घडवणारे होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे ठोकळे रुळवले आणि वजन एकदम उतरले. ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंग याने १९६६ ची सॅन डिएगो येथील जागतिक स्पर्धा ९ फूट ४ इंचांच्या बोर्डावर जिंकली; त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ७ फुटांखालचे बोर्ड दिसू लागले. या ‘शॉर्टबोर्ड क्रांती’चे श्रेय ऑस्ट्रेलियाच्या बॉब मॅकटाव्हिश याला द्यायचे की हवाईच्या डिक ब्रुअर याला, हा वाद दोन्ही बाजूंनी हिरिरीने खेळला जातो. दोघे बरेचसे स्वतंत्रपणे त्याच जागी पोहोचले आणि जॉर्ज ग्रीनो याच्या गुडघ्यांवर बसून चालवायच्या आखूड बोर्डाने व लवचिक फिनने वाट दाखवली, हे मत अधिक समतोल वाटते. आजचा तीन फिनचा ‘थ्रस्टर’ सायमन अँडरसन याचा; त्यावर त्याने १९८१ ची बेल्स बीच स्पर्धा जिंकली.

घनफळ : निवडीत लांबीपेक्षा लिटरमधले घनफळ आधी पाहावे. एक लिटर बोर्ड समुद्राच्या पाण्यात जेमतेम एक किलो भार उचलतो, त्यातून बोर्डाचे स्वतःचे वजन वजा करायचे. ८० लिटरचा, ७ किलो वजनाचा फोम बोर्ड सुमारे ७५ किलो पेलतो. ७० किलोचा माणूस त्यावर जवळजवळ कोरडा तरंगतो. याच माणसाला २८ लिटरच्या शॉर्टबोर्डवर झोपवले, तर बोर्ड २५-२६ किलोच उचलतो. उरलेला भार शरीराने पाण्यात बुडूनच पेलायचा असतो, म्हणजे छाती, पोट, मांड्या पाण्याखाली आणि हात मारताना सगळे अंग पाण्याला अडते. एकदा लाटेच्या उतारावर वेग आला की तरंगण्याचा प्रश्न उरत नाही. पोटाखालून धावणारे पाणीच बोर्ड उचलून धरते, आणि म्हणून निष्णात माणसाला २८ लिटर पुरतात. अडचण त्या वेगापर्यंत पोहोचण्याची असते. साधारण १ मीटर उंचीची लाट सव्वा-दीड मीटर खोलीवर फुटते आणि त्या वेळी ताशी १२-१३ किलोमीटरने धावत असते. नवशिक्याचे हात याच्या निम्माही वेग देत नाहीत. लांब, जाड, सपाट बोर्ड लाट अजून उताराने सौम्य असतानाच तिच्याबरोबर घसरू लागतो. आखूड बोर्डावर ती उभी चढेपर्यंत थांबावे लागते, आणि उठून उभे राहायला मग एखादा सेकंदच हाती राहतो.

घनफळ कुठे साठवले आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. छातीखाली जाडी असेल तर हात मारणे सोपे जाते. तेवढेच लिटर शेपटीकडे असतील तर नाक पाण्यात घुसते. नाकाचा बाक, म्हणजे रॉकर, फार सपाट असेल तर उतारावर नाक रुतून बोर्ड कोलांटी घेतो. फार वर वळलेला असेल तर बोर्ड पाणी ढकलत राहतो. कडा, म्हणजे रेल, जाड व गोल असल्यास चूक पोटात घालतात, पातळ कडा पाण्यात पटकन धरतात आणि तितक्याच पटकन पाडतात.

पहिला बोर्ड : ७० किलोच्या प्रौढ व्यक्तीसाठी ८ ते ८॥ फूट लांब, २२ ते २३ इंच रुंद, ३ इंचांहून थोडा अधिक जाड, ७५ ते ८५ लिटरचा मऊ पृष्ठभागाचा फोम बोर्ड घ्यावा. ५५ किलोच्या आतील व्यक्तीला ७॥ ते ८ फूट आणि ६० ते ७० लिटर पुरतात. ८५ किलोच्या वर ९ फूट लागतो. बोर्डात नाकापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या लाकडी किंवा फायबरच्या पट्ट्या, म्हणजे स्ट्रिंगर, किती आहेत हे विचारावे. अशी पट्टी नसलेला स्वस्त बोर्ड उभे राहताच मध्यातून वाकतो आणि वेग खातो. फिन मऊ प्लॅस्टिकचे असावेत, कारण पहिल्या महिन्यातल्या बहुतेक जखमा स्वतःच्याच बोर्डाने होतात. घोट्याला बांधायची दोरी, म्हणजे लीश, बोर्डाइतकीच लांब व ७ मिलिमीटर जाडीची घ्यावी आणि मागच्या पायाला बांधावी. आखूड लीश ताणून परत येते, तीही तोंडावर.

झोपण्याची जागा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पालथे पडल्यावर बोर्डाचे नाक पाण्यावर तीन-चार बोटे दिसले पाहिजे. ते बुडत असेल तर तळहाताएवढे मागे सरावे, वर तोंड करून असेल तर पुढे. बरोबर जागा सापडली की हनुवटीखाली वॅक्सची, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डावर घासायच्या मेणाची, आडवी रेघ ओढून ठेवावी. दुसऱ्या दिवशी त्याच रेघेवर हनुवटी आली की अर्धे काम होते.

जुना बोर्ड घेताना तो अंगठ्याने दाबत नाकापासून शेपटीपर्यंत जावे. कातडी खाली जाऊन परत उचलली जाते तेथे थर सुटलेला असतो आणि असा बोर्ड सोडून द्यावा. टाचांनी पडलेले खळगे चालतात. पण आडव्या बारीक भेगा म्हणजे बोर्ड मोडायला आलेला. फिनच्या खाचांभोवती आणि लीशच्या छिद्राभोवती तडे आहेत का ते बघावे. त्याच मापाच्या बोर्डापेक्षा तो जड लागत असेल तर आत पाणी मुरले आहे.

आखूड बोर्डाकडे : लांबी कधी कमी करायची याचे उत्तर महिन्यांत देता येत नाही, पकडलेल्या लाटांत देता येते. फुटून पांढऱ्या झालेल्या लाटेवर उभे राहणे ही पात्रता नव्हे. न फुटलेली लाट स्वतःच्या हातांनी, कुणी न ढकलता, दहांतून सहा-सात वेळा पकडता आली पाहिजे. उभे राहताना गुडघा टेकता कामा नये. लाटेच्या अंगावरून डावीकडे व उजवीकडे दोन्ही बाजूंनी जाता आले पाहिजे. हे जमले की दुसरा बोर्ड ७॥ फुटांचा ‘मिनी-मॅल’, म्हणजे लांब बोर्डाची आखूड आवृत्ती, ५० ते ५५ लिटरचा. त्यापुढे ६॥ ते ७ फूट व ४२ ते ४६ लिटर. नंतर ६ फुटांच्या आसपासचा, रुंद पोटाचा ‘फिश’ किंवा हायब्रिड, ३५ ते ३८ लिटरचा. पहिली उडी मोठी दिसते खरी, पण फोम बोर्डात गरजेहून अधिक लिटर ठासलेले असल्यामुळे ती निभते. त्यापुढे मात्र एका पायरीला १५ ते २० टक्क्यांहून अधिक घनफळ उतरवू नये. २८ लिटरपर्यंत जायचेच असे काही नाही. आठवड्याच्या सुट्टीत पाण्यात उतरणारे पुष्कळ जण ४० लिटरवर सुखाने थांबतात, आणि भारतातल्या मऊ, लहान लाटांना तेच शोभते.

नेहमी होणारी चूक अशी : तिसऱ्या दिवशी माणूस उभा राहतो, चौथ्या दिवशी ६ फुटांचा बोर्ड घेतो, कारण तो हलका, देखणा आणि गाडीत मावणारा असतो. मग तासाभरात पंधरा लाटांच्या जागी दोन मिळतात. सराव हा आवृत्तीने होतो. आवृत्ती घटली की पाय शिकलेले विसरतात, आणि माणूस दोष लाटांना देतो. असे झाल्यास मोठ्या बोर्डाकडे परत जाण्यात काही कमीपणा नाही. निष्णात मंडळीही लाटा लहान असतील त्या दिवशी ९ फुटीच काढतात.

बडोद्यातील वाचकांसाठी : बडोदेकरांचा ओळखीचा समुद्र म्हणजे कावी-कंबोईचा, जेथे भरतीला स्तंभेश्वराचे मंदिर पाण्याखाली जाते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या घरात जातो. पण भरती म्हणजे लाटा नव्हेत. आखात अरुंद, उथळ व गाळाचे असल्याने खुल्या समुद्रातील लांब लाट आत येईतो विरते, आणि भरतीचा प्रवाह पोहणाऱ्याला ओढून नेतो. तेथे बोर्ड घेऊन जाऊ नये. विश्वामित्रीत मगरी आहेत, हे बडोद्यात कुणाला सांगायला नको. शिकायला गोवा, कर्नाटकातील मुल्की किंवा तमिळनाडूतील कोवलम व महाबलीपुरम गाठावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे हा नवशिक्यांचा काळ. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि नारळी पौर्णिमा झाली तरी लगेच निवळत नाही. पूर्व किनाऱ्यावर उलट, पावसाळ्याच्या महिन्यांतच चांगल्या लाटा येतात.

८ फुटी बोर्ड रेल्वेच्या बर्थखाली मावत नाही, त्यामुळे पहिले दोन टप्पे किनाऱ्यावरच भाड्याच्या बोर्डांवर काढणे शहाणपणाचे. प्रत्येक भाड्याच्या बोर्डाचे लिटर वहीत टिपून ठेवले, तर विकत घ्यायच्या वेळी अंदाज पक्का होतो. घरी तयारी करता येते : लालबागेच्या जलतरण तलावात पोहण्याचा दम वाढवावा आणि सतरंजीवर उठण्याचा सराव करावा. तालमीत दंड काढणाऱ्याचे हात व खांदे यात आपोआप तयार असतात. फरक इतकाच की दंडात शरीर वर येऊन परत खाली जाते. येथे वर येताच दोन्ही पाय एका झटक्यात छातीखाली ओढायचे असतात.

दुरुस्तीसाठी बोर्ड आतून कशाचा आहे हे आधी माहीत हवे. पॉलियुरेथेनवर पॉलिएस्टर रेझिन चालते. पांढऱ्या थर्मोकोलसारख्या दाण्यांच्या ईपीएस फोमवर ते ओतले तर फोम विरघळतो, तेथे इपॉक्सी रेझिनच लागते. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत फायबरग्लासचे काम करणारे सापडतील. पण टाक्या आणि पत्र्यांसाठी वापरायची जाड मॅट बोर्डाला जड होते, विणलेले पातळ कापड मागावे. भेग बुजवण्यापूर्वी बोर्ड आठवडाभर सावलीत उभा करून पूर्ण सुकवावा.

साठवण हा बडोद्यातला खरा शत्रू. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत पिशवीत ठेवलेल्या बोर्डाचा थर फुग्यासारखा सुटतो आणि मऊ बोर्डाची कातडी बुडबुडे धरते. माळ्यावर ठेवायचा असेल तर वॅक्स आधी खरवडून काढावे, पिशवीची चेन उघडी ठेवावी आणि बोर्ड कडेवर, जुन्या गोधडीच्या घडीवर टेकवावा. उष्ण पाण्यासाठीचे कडक ‘ट्रॉपिकल’ वॅक्ससुद्धा येथे मे महिन्यात वितळून खालच्या फरशीवर उतरते.