तांबं काढताना जाळ एकटा पुरत नाही

घरच्या घरी खनिजापासून धातू काढायचा म्हटलं की बहुतेक जण मॅलाकाइट या तांब्याच्या हिरव्या खनिजाकडे वळतात. माणसानेही जवळपास तिथूनच सुरुवात केली. सर्बियातल्या बेलोवोदे इथे तांबं गाळल्याचे सुमारे ७००० वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत.

शेकोटीत हिरवा दगड पडला आणि सकाळी राखेत तांबं चमकलं, ही लोकप्रिय कथा मात्र पटत नाही. उघड्या शेकोटीत ७००-८०० अंश सेल्सियस मिळतात, पण हवाही मुबलक असते. मॅलाकाइटचा काळा ऑक्साइड होतो आणि बहुतांशी तसाच राहतो. त्यातला ऑक्सिजन ओढून घेणारा कार्बन मोनॉक्साइड निखाऱ्यांच्या जाड थरात, हवा तोकडी पडते तिथे तयार होतो. शिवाय तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. म्हणजे वारा हवा, पण खनिज कोळशाखाली झाकलेलंही हवं. फुंकणी आणि मातीची मूस (धातू वितळवायचं भांडं) यांनी हा पेच सोडवला, भाता त्यानंतरचा.

आजही हिशेब तोच आहे. शुद्ध मॅलाकाइटमध्ये वजनाने ५७.५ टक्के तांबं असतं. १०० ग्रॅमला कागदावर साडेपाच ग्रॅम कार्बन पुरतो. प्रत्यक्षात १०-१२ ग्रॅम लोणारी कोळशाची पूड मिसळावी आणि वरून कोळशाचा थर द्यावा. मूस आधी वाळवून सावकाश तापवायची. घाई केली तर खनिजातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एकदम सुटून पूड बाहेर उसळते. शेवटी वारा थेट मुशीत शिरला तर निघालेल्या तांब्याचा पुन्हा ऑक्साइड होतो.

खरी डोकेदुखी मळीची, म्हणजे धातूसोबत वितळून निघणाऱ्या दगडी गाळाची. खनिजासोबत गारगोटी आली की मळी चिकट होते आणि तांब्याचे मणी तिच्यातच अडकतात. सुरुवातीचे कारागीर मळी कुटून ते वेचत. पुढे लोहाचा ऑक्साइड मिसळायची युक्ती साधली: तो गारगोटीशी संयोग पावतो, मळी १२०० अंशांच्या आसपास पातळ होते आणि तांबं तळाशी बसतं. लोखंडाचा शोध याच भट्ट्यांतून लागला असावा, असा एक कयास आहे.

लोखंड १५३८ अंशांना वितळतं. जुन्या भट्ट्या तिथवर पोचतच नव्हत्या. त्यांतून निघे तो मळीने भरलेला सच्छिद्र गोळा, जो पुन्हापुन्हा तापवून ठोकावा लागे. जस्ताची अडचण उलटी. ते ९०७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे खनिजातून सुटतं ते वाफ होऊनच, आणि उघड्या मुशीतून पांढरा धूर होऊन जातं. राजस्थानातल्या झावरला वांग्याच्या आकाराच्या बंद मुशी उलट्या लावून ही वाफ खाली थिजवत.

शिशाचं खनिज गॅलेना आणि पाऱ्याचं खनिज सिनाबार सर्वांत कमी कष्टात धातू देतात, पण घरी त्यांना हात लावू नये. शिशाचा धूर आणि पाऱ्याची वाफ दोन्ही विषारी. तांब्याची भट्टीसुद्धा उघड्यावरच पेटवावी; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.