मोठ्या फॉन्ट-कुटुंबाची लाटेक्‌मधील मांडणी

एकाच घाटाचे अनेक ठसे (बारीक, नियमित, मध्यम, जाड, उभे, तिरके, अरुंद) लाटेक् या अक्षरजुळणी प्रणालीला ओळखीचे करून देण्याचे काम. लेखकाने मजकुरात नुसते ‘हे ठळक’ एवढेच सांगावे आणि प्रणालीने नेमकी फाइल उचलावी, हा या मांडणीचा हेतू. कुटुंबात चारच ठसे असले तर काम दोन मिनिटांचे. अठरा किंवा छत्तीस असले की पंचाईत होते, कारण ‘ठळक’ म्हणवून घेणारे तीन-चार उमेदवार समोर उभे असतात आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे यंत्र ठरवू शकत नाही.

मोठे कुटुंब आधीपासून आखून काढण्याचे गाजलेले उदाहरण म्हणजे आद्रियाँ फ्रुटिगर यांचा युनिव्हर्स. १९५७ साली पॅरिसच्या देबर्नी ए पेन्यो या ओतशाळेने तो बाजारात आणला तेव्हा त्यात २१ ठसे होते. त्यांना नावांऐवजी दोन अंकी क्रमांक दिले होते. पहिला अंक जाडीचा, दुसरा रुंदीचा आणि कलाचा. ५५ म्हणजे नियमित, ५६ त्याचाच तिरका, ६५ ठळक, ४७ बारीक आणि अरुंद. क्रमांकांचा हा शहाणपणा पुढे फारसा कोणी चालवला नाही. ‘सेमीबोल्ड’, ‘डेमी’, ‘हेवी’, ‘ब्लॅक’ अशी नावे ज्याने त्याने आपापल्या मर्जीने दिली, आणि मांडणी करणाऱ्याचा निम्मा वेळ अजूनही ही नावे लावण्यात जातो.

लाटेक् ज्याच्यावर उभे आहे ते टेक् डोनाल्ड क्नूथ यांनी लिहिले तेव्हा सोबत कॉम्प्युटर मॉडर्न हे स्वतःचे कुटुंबही घडवले. त्यातला साधा रोमन ठसा ५ ते १० आणि पुढे १२ व १७ पॉइंट अशा आठ आकारांसाठी वेगवेगळा आखलेला आहे, कारण तळटीपेतले लहान अक्षर हे मोठ्याचे नुसते आकसलेले रूप नसते. मात्र टेक्‌ला ‘कुटुंब’ ही कल्पनाच नव्हती. प्रत्येक ठसा स्वतंत्र फॉन्ट. जुन्या लाटेक्‌मध्ये ठळकची आज्ञा देऊन लगेच तिरक्याची दिली, तर ठळक-तिरके मिळत नसे. दुसरी आज्ञा पहिलीला पुसून टाकी आणि हाती नुसते तिरके येई.

ही अडचण फ्रँक मिटेलबाख आणि रायनर श्योप्फ यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या नव्या फॉन्ट-निवड योजनेने सोडवली. एनएफएसएस या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. १९९४ च्या लाटेक्-टू-ई या आवृत्तीपासून ती गाभ्याचाच भाग आहे. या योजनेत प्रत्येक अक्षराच्या अंगावर पाच खुणा असतात: संकेतन (कोणते अक्षर कोणत्या क्रमांकावर, हे ठरवणारी यादी), कुटुंब, मालिका (जाडी व रुंदी), रूप (उभे, तिरके, लहान कॅपिटल) आणि आकार. एक खूण बदलली तरी बाकीच्या चार जागच्या जागी राहतात. मालिकेची अक्षरेही ठरलेली आहेत: ‘एल’ बारीक, ‘एम’ मध्यम, ‘एसबी’ अर्धजाड, ‘बी’ जाड, ‘इबी’ अतिजाड. एक गंमत मात्र राहून गेली. ‘एससी’ ही अक्षरे मालिकेच्या खात्यात अर्ध-अरुंद ठशासाठी आहेत, तर रूपाच्या खात्यात लहान कॅपिटलसाठी. मोठ्या कुटुंबाची मांडणी करताना इथे ठेच लागतेच.

जुन्या काळात खरे कष्ट फाइलींचे होते. टेक्‌च्या एका फॉन्टमध्ये २५६ पेक्षा जास्त अक्षरे मावत नसत. त्यामुळे एकच ठसा वेगवेगळ्या संकेतनांसाठी पुन्हा पुन्हा तयार करावा लागे. समजा कुटुंबात ९ जाड्या आहेत, प्रत्येकीला उभे आणि तिरके रूप आहे, अंकांच्या ४ तऱ्हा आहेत आणि संकेतने ३. नुसता गुणाकार केला तर २१६ मोजमाप-फाइली होतात. शिवाय नकाशा-फाइल वेगळी, आणि कोणती खूण कोणत्या फाइलीकडे जाते हे सांगणारी व्याख्या-फाइल वेगळी. नावे आठ अक्षरांत बसवावी लागत, म्हणून कार्ल बेरी यांनी त्यांची एक सांकेतिक पद्धत बसवली. ‘पीटीएमआर८टी’ या नावात ‘पी’ म्हणजे अडोबी, ‘टीएम’ म्हणजे टाइम्स, ‘आर’ म्हणजे नियमित उभा आणि ‘८टी’ म्हणजे संकेतन. ज्यांनी हे हाताने केले ते नंतर ‘फॉन्टइन्स्ट’ आणि मग ‘ऑटोइन्स्ट’ या मदतनीस प्रोग्रामांकडे वळले. ऑटोइन्स्टला कुटुंबातल्या ओपनटाइप (फॉन्टांचा आजचा प्रचलित प्रकार) फाइली दिल्या की वरचा सगळा पसारा ते आपोआप उभा करते.

युनिकोड जाणणारी इंजिने आली आणि हा पसारा आवरला. जोनाथन क्यू यांचे झीटेक् २००४ चे, लुआटेक् त्यानंतरचे. दोन्ही इंजिने ओपनटाइप फाइल थेट वाचतात, आणि त्यांच्यासाठी विल रॉबर्टसन यांनी ‘फॉन्टस्पेक’ हे पॅकेज लिहिले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता घेऊन पाहू. त्यात एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत सात जाड्या आहेत आणि तिरका ठसा एकही नाही. ‘सेटमेनफॉन्ट’ या आज्ञेला कुटुंबाचे नाव ‘मुक्ता’ द्यायचे, विस्तार ‘टीटीएफ’ सांगायचा, उभ्यासाठी ‘*-रेग्युलर’ आणि ठळकसाठी ‘*-बोल्ड’ लिहायचे. फुलीच्या जागी कुटुंबाचे नाव आपोआप बसते. उरलेल्या जाड्या ‘फॉन्टफेस’ या पर्यायाने एकेक करून जोडाव्या लागतात: मालिका ‘एसबी’, रूप ‘एन’ (उभे), फाइल सेमीबोल्ड. एकदा जोडल्या की मजकुरात मालिका ‘एसबी’ मागताच ती मिळते. हे सगळे दर पुस्तकात लिहीत बसण्यापेक्षा कुटुंबाच्या नावाची आणि ‘.फॉन्टस्पेक’ विस्ताराची एक फाइल करून ठेवावी. पॅकेज ती स्वतःहून शोधून वाचते. एकाच ग्रंथमालेतली दहा पुस्तके करायची असतील तर हा मार्ग सोडू नये.

फॉन्ट नावाने बोलवावा की फाइलीने, यावर मतभेद आहेत. नाव लिहिणे सोपे, पण मग प्रणाली संगणकावर बसवलेल्या फॉन्टांत शोध घेते. लेखकाच्या संगणकावर एक आवृत्ती आणि छापखान्यात दुसरी असेल, तर ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि पानांचे आकडे सरकतात. म्हणून पुस्तकाच्या कामात फाइलीने बोलवणेच बरे, आणि फाइली मजकुराच्या फोल्डरमध्येच ठेवाव्यात. लिनक्सवर फाइलीच्या नावातल्या लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक धरला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

देवनागरीत आणखी दोन गोष्टी सांगाव्याच लागतात. ‘स्क्रिप्ट’ या पर्यायात देवनागरी लिहिले नाही, तर जोडाक्षरे जुळत नाहीत. ‘क्षत्रिय’मधला हलन्त उघडा पडतो आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर जाऊन बसते. लुआटेक्‌वर त्याच्या जोडीला ‘रेंडरर’ म्हणून हार्फबझ (जोडाक्षरे जुळवणारा प्रोग्राम) निवडणे उत्तम. दुसरा पर्याय ‘लँग्वेज’, त्यात मराठी. पाकळीचा ल आणि देठाचा श महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानले. बऱ्याच फॉन्टांत मूळ घाट हिंदी वळणाचा असतो आणि मराठी रूपे आत दडलेली असतात. भाषा सांगितली तरच ती बाहेर येतात. पहिल्या ओळीत मराठी ल आणि ठळक मथळ्यात हिंदी ल असे पान दिसले, तर मथळ्याचा फॉन्ट वेगळ्या आज्ञेने बोलावला गेला आणि तिथे भाषा लिहायची राहिली, असे समजावे.

इंग्रजी शब्दांचा आकार देवनागरीशी जुळवण्यासाठी ‘स्केल’ वापरतात. यातली आपोआप जुळणारी सोय रोमन ‘एक्स’ची उंची मोजते. देवनागरी फॉन्टातल्या रोमन अक्षरांशी ती ताळमेळ घालते, शिरोरेषेशी नाही. तेव्हा छापून पाहून, डोळ्यांनी ठरवून, आकडा हातानेच घालावा.

सर्वांत फसवी गोष्ट तिरक्या ठशाची. मुक्तासारख्या कुटुंबात तो नाहीच, आणि लेखकाने तर ग्रंथनामे भर देण्याच्या आज्ञेत लिहिलेली असतात. लाटेक् काम थांबवत नाही. हे रूप उपलब्ध नाही, त्याऐवजी उभे वापरले, अशी एक ओळ नोंद-फाइलीत टाकून पुढे जाते. छापून आलेल्या पानावर ग्रंथनाम आणि बाकीचे वाक्य सारखेच. खोटा तिरकेपणा देण्याचा पर्याय आहे, पण त्यात शिरोरेषा आडवीच राहते आणि दंड तेवढे कलतात. सगळी ओळ धक्का बसल्यासारखी दिसते. त्यापेक्षा तिरक्याच्या जागी मध्यम जाडीचा ठसा नेमून द्यावा, किंवा ग्रंथनामांना एकेरी अवतरणचिन्हे लावावीत. मराठी वाचकाला ती सवयीची आहेत. खोटी जाडीही तशीच टाळावी: कडा चहूबाजूंनी सुजतात, आणि ‘ष्ट्य’ किंवा ‘द्ध्व’सारख्या जोडाक्षरांतली पोकळी लहान आकारात बुजून जाते.

ठळक म्हणून कोणती जाडी घ्यावी हा प्रश्न कागदावर सुटतो. नियमिताशी जाडीच्या मापात सातशेचा बोल्ड मथळ्याला शोभतो, पण परिच्छेदाच्या मध्ये आलेला एखादा ठळक शब्द त्याने काळा डाग होऊन बसतो. तिथे सहाशेचा सेमीबोल्ड बरा. मूळ लाटेक्‌ला एकच ‘ठळक’ ठाऊक असल्याने मथळ्यांसाठी वेगळी मालिका मथळ्याच्या आज्ञेतच लिहावी लागते. २०२० च्या फेब्रुवारीतल्या आवृत्तीपासून प्रत्येक मूळ कुटुंबासाठी (रोमन, सॅन्स, टंकलेखी) ‘ठळक’ म्हणजे कोणती मालिका हे वेगवेगळे ठरवता येते. त्याआधी त्यासाठी स्वतंत्र पॅकेज जोडावे लागे.

मांडणी नीट झाली की नाही हे पाहण्यासाठी नमुन्याचे एक पान करतात. त्यावर प्रत्येक मालिकेत तोच शब्दसमूह ठेवायचा. ‘दऱ्या, शल्य, राष्ट्र, उद्ध्वस्त’ एवढे शब्द पुरतात. मग ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही छोटी आज्ञा तयार पीडीएफवर चालवायची. आत बसलेल्या फॉन्टांची यादी पडद्यावर येते. मुक्ता-बोल्ड, मुक्ता-सेमीबोल्ड ही नावे तिथे दिसली तर काम झाले. पानावर जाड अक्षरे आहेत आणि यादीत मात्र एकटा मुक्ता-रेग्युलर आहे, असे दिसले तर ती जाडी खोटी आहे.