खळखळून हसताना छातीत काय चालतं?

सकाळी सारसबागेकडून गेलं की हास्यक्लबचं हा हा हो हो कानावर पडतंच, आणि हल्ली ‘रोज दहा मिनिटं हसा, कॅन्सर पळवा’ असले फॉरवर्डही फिरतात. हसून मन हलकं होतं, चार माणसं भेटतात, हे खरंच छान आहे, पण हसणं म्हणजे कॅन्सरचं औषध नव्हे, त्यासाठी डॉक्टरच गाठायचा. मला त्याहून भारी वाटते ती हसण्याची यंत्रणा.

आपण नेहमीसारखा श्वास सोडला तरी फुप्फुसात दोनेक लिटर हवा उरतेच. खळखळून हसू फुटलं की पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू जोरात आवळले जातात, श्वासपटल वर ढकललं जातं आणि या उरलेल्या हवेतली बरीचशी बाहेर यायला लागते, तीही सलग नाही तर तुकड्यातुकड्यानं, कारण वर स्वरयंत्राची सारखी उघडझाप चालू असते. अमेरिकेतले हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हे रेकॉर्ड करून मोजलं: एक ‘हा’ साधारण 75 मिलिसेकंदांचा आणि एका ‘हा’च्या सुरुवातीपासून पुढच्या ‘हा’च्या सुरुवातीपर्यंत सुमारे 210, म्हणजे सेकंदाला जवळपास पाच! हवा संपत येते तसा आवाज बारीक होतो, शेवटी नुसतं पोट हलतं, मग मोठ्ठा श्वास आणि पुन्हा सुरू. चिंपांझी मात्र श्वास घेतानाही आणि सोडतानाही हसतो, त्यामुळे त्याचं हसणं धापा टाकल्यासारखं वाटतं.

आता मराठीतले शब्द बघा, खळखळून, खदाखदा, फिदीफिदी, सगळ्यांत अक्षरं दोनदा येतात, तो ठेका कुणीतरी कानानं बरोब्बर पकडलाय. गोष्टींमध्ये लहान पोर खळखळून हसतं, ओढ्याचं पाणीही खळखळतं, त्यामुळे त्या हसण्यात आडपडदा नसतो. खदाखदा म्हटलं की राकट माणूस समोर येतो, आणि फिदीफिदी लिहिणाऱ्याला तो हसणारा बहुतेक आवडलेला नसतो.

‘हसून हसून हातपाय गळाले’ हेही नुसतं बोलायचं नाही बरं का. गुडघ्यामागच्या नसेला विजेचा हलका झटका दिला की पोटरीचा स्नायू आखडतो, या प्रतिक्षिप्त क्रियेला एच-रिफ्लेक्स म्हणतात, ती मज्जारज्जूतून फिरून येते, आणि माणूस मनापासून हसत असताना मोजली तर ती चांगलीच मंदावलेली सापडते. स्नायूंना जाणाऱ्या आज्ञाच ढिल्या पडतात, म्हणून हसता हसता हातातला कप धड धरवत नाही.

एक प्रयोग घरी करून बघाच. मित्राला सांगू नका, गप्पांमध्ये तो खळखळून हसला की मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि उलटं वाजवा. त्याचं बोलणं उलटं केलं तर काही कळणार नाही, पण हसणं तरीही हसणंच वाटेल, फक्त आवाज मावळायच्या ऐवजी चढत जाईल.